बांधावरची डांगरं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी हा विषय काढत नाही.

औंधजवळच्या एका लहानशा शाळेत मी पहिलीचा वर्ग घेते. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या दुपारी भोपळे सजवायचं ठरलं होतं. शाळेमागे राहणाऱ्या चंद्राबाईंनी त्यांच्या बांधावरच्या वेलाची सहा डांगरं, म्हणजे लाल भोपळे, स्वतः आणून दिली. मुलं नुसती उड्या मारत होती! सुरीला कुणी हात लावायचा नाही, हे मी आधीच बजावलं होतं. पाच भोपळ्यांवर रंग, टिकल्या, लोकरीचे केस. सहावा, सगळ्यांत मोठा, मी कापणार आणि आत सेलवरचा दिवा ठेवणार.

"बाई, माजं बगा आदी!" शंभूराज ओरडला.

"न्हाई, माजं!"

भोपळ्यांवरची तोंडं रंगवून झाली, तशी मी मोठ्या भोपळ्याचं देठाकडचं झाकण कापून उचललं. आतून ऊब आली... आणि वास आला तो दुधाचा. मुलांना त्याचं काय! बिया काढायला झुंबड उडाली. पहिला नंबर शिवांजलीनं लावला. कोपरापर्यंत हात घालून ती खिदळली.

"बाई, आत कुनीतरी माजं बोट धरलंय!"

सगळे हसले. मीही हसले.

"बाई... सोडत न्हाई."

तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मी हात धरून ओढला. येईना. पोर रडायला लागली. मी भोपळा फोडायला सुरी उचलली.

"सुरी नगं, बाई!"

दारात चंद्राबाई उभ्या होत्या, सजावट बघायला आलेल्या. त्या पुढे आल्या, भोपळ्यावर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "सोड रं राजा... पोरीला दुखतंय... सोड."

हात सुटला. अगदी कोरडा. मुठीत काळ्या मण्यांची मनगटी होती, तान्ह्या बाळाला घालतात तसली.

चंद्राबाईंनी ती कपाळाला लावली. "तीस वर्सं झाली. त्यो वेल उगवलाय, तितंच माज्या बाळाला पुरलं हुतं. दोन घातल्या हुत्या हातात... ही येकच हाय."

मग त्या रंगवलेल्या एकेका भोपळ्याला कान लावत गेल्या. चौथ्याशी थांबल्या. बराच वेळ.

"ह्ये कापू नगा. मी घरी न्हेते."

तो शंभूराजचा होता. त्यानं मान डोलावली.

चंद्राबाई भोपळा खांद्याशी धरून, वर पदर घालून, थोपटत निघाल्या. आम्ही दारात दाटीनं उभे राहिलो. रडं विसरून शिवांजली आता प्रत्येकाला ते बोट दाखवत होती. वाऱ्यानं पदर सरकला आणि खांद्यावरून आमच्याकडे बघणारं ते रंगीत तोंड दिसलं. बघणारं कसलं... डोळे मिटलेले होते.

शंभूराजनं माझी ओढणी घट्ट धरली.

"बाई... म्या डोळं उगडं काडलं हुतं."