उजवीचं दावं

बैलाला भूल द्यायची म्हटलं की पोलादपूरच्या गुरांच्या डॉक्टर शौनकला लग्नघरातल्यासारखा उत्साह चढे. त्याचा प्रबंधच होता त्यावर. खुराच्या बेचक्यात चिमटा काढला की जनावर पाय ओढतं. तो हुकूम मेंदूचा नसतो, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा. भूल चढली की तोही गप्प होतो. किती मिनिटांनी, हे शौनक घड्याळ लावून टिपत असे.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात, भर दुपारी, कापडे गावातल्या गोठ्यात चंद्राबाईचा बैल हरण्या भूल चढून आडवा पडला होता. शिंगाला कॅन्सर. शिंग काढलं तरच बैल वाचणार, आणि तिच्याकडे आता तो एकच होता. जोडीतला मोऱ्या होळीला मेला.

"डावीचा हाय ह्यो," मुंडकं मांडीवर धरून ती म्हणाली. "जू दावलं की आपसूक डावीकडं येतो. सांबाळा, सायब."

मोऱ्या उजवीचा. त्याच्या खुंट्याला दावं तसंच होतं. नवा बैल येईस्तोवर ते सोडायचं नाही, ही त्या घरची रीत.

शौनकने चिमटा काढला. हरण्याचा पाय हलला नाही. पलीकडे मोऱ्याचं दावं मात्र ताणलं गेलं.

"उंदीर असेल," म्हणून तो हसला. पुन्हा चिमटा, पुन्हा तेच. पाच वेळा केलं, पाचही वेळा त्याच क्षणी. शौनक हरखूनच गेला. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं आणि त्याच्या वहीत येणार होतं.

"सायब, शिंग काढताव ना?"

"थांबा हो मावशी. भूल जरा वाढवून बघतो."

गरज नव्हती. त्याला ते ठाऊक होतं, तरी त्याने सुई टोचली.

चिमटा काढला.

दाव्याचा फास जमिनीवरून उठला. बैलाच्या मानेएवढा वर गेला आणि तिथेच राहिला.

शौनकने वही टाकली, तारेच्या करवतीने शिंग कापलं, कसेबसे टाके घातले. फास हळूहळू डुलत होता, रवंथ करणाऱ्या जनावराच्या गळ्यात डुलतो तसा.

तासाभराने बैल उठला. चिमट्यासरशी पाय झटक्यात मागे आला. बैल वाचला होता. शौनकला आनंदाने रडूच कोसळायचं बाकी होतं.

बैल आपल्या खुंट्याकडे गेला नाही.

गोठा ओलांडून तो उजवीकडे गेला. फासात मान घातली आणि शांत उभा राहिला.

चंद्राबाई त्याच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत राहिली.

"मोऱ्या आला," ती म्हणाली. "मंग सायब, माजा हरण्या कुठं ऱ्हायला?"