तिसाव्या किलोमीटरवरचा डबा

अलमासच्या हातून मीठ लावलेला बटाटा निसटला आणि घरंगळत थेट रस्त्याकडेच्या सोनकीच्या फुलांत जाऊन बसला.

"अगं, ध्यान कुटं हाय तुझं?" शेजारी लिंबूपाणी ढवळणारी सायली ओरडली. सायली मुळशीतल्या रिहे गावची, अलमासची कॉलेजपासूनची मैत्रीण. आवाज असा, की धुकंसुद्धा दोन पावलं मागं सरावं.

अलमासचं ध्यान वळणावर होतं. ताम्हिणीच्या भुरभुर पावसातून एक निळा टी-शर्ट येत होता... आणि पळताना डावा खांदा किंचित वर उचलायची ती खोड! सात वर्षं झाली होती, तरी ती खोड अलमासनं शंभर जणांतून ओळखली असती. फराजच होता तो.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार. मुळशीहून निघालेली बेचाळीस किलोमीटरची शर्यत घाटात शिरली होती, आणि तिसाव्या किलोमीटरला एका ढाब्यापुढे या दोघींनी टेबल मांडलं होतं. केळी, उकडलेले बटाटे, चिक्की, लिंबूपाणी. अलमास पुण्यात आहारतज्ज्ञ. लांब पळणाऱ्यांनी कधी आणि काय खावं, हे सांगणं तिचं रोजचं काम. दोन-तीनशे पळणाऱ्यांना तिनं खाण्याच्या वळणावर आणलं असेल. फक्त एकाला आणता आलं नव्हतं, आणि तो आता समोर येऊन, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता.

"पाणी... मिळेल?"

"मिळेल. आधी बटाटा खा." अलमासनं दवाखान्यातला आवाज काढला.

"ओळखलंस?"

"नाही."

"मग आवाज का थरथरतोय?"

"थंडी आहे."

"थंडीत घाम पुसतेस?"

सायली फिस्सकन हसली. अलमासनं तिच्याकडे असं बघितलं, की ती बिचारी परत लिंबूपाण्याकडे वळली. कान मात्र तिनं इकडेच ठेवले, ते काही वळवले नाहीत.

"तू इथं कसा?" अलमासनं विचारलं.

"पळतोय, दिसत नाही का?" तो हसला. तेच हसू, मेलं! एका गालावर आधी उमटणारं.

*

सात वर्षांपूर्वी अलमास एकोणीस वर्षांची होती. तिच्या अब्बांची, अलाउद्दीनभाईंची, पौडच्या बाजारात केळ्यांची गाडी होती. सकाळी साडेसहाला अब्बांना चहा द्यायला ती मुळा नदीच्या पुलावरून जायची, आणि त्याच वेळी पुलावरून फराज पळत यायचा. काडीसारखा बारीक. त्याला विद्यापीठाच्या संघात यायचं होतं, आणि मैदानावरच्या निरंजन सरांनी त्याच्या डोक्यात एकच भरवलं होतं. वजन उतरव, वेळ उतरेल. पळायच्या आधी काही नाही, पळून आल्यावर दोन तास काही नाही.

अलमासला तेव्हा शास्त्र कुठलं कळायला! पण तिची अम्मी हसिना दारात आलेल्या पोस्टमनलाही खाऊ घातल्याशिवाय सोडत नसे, आणि लेक तिच्याच वळणावर गेली होती. एक दिवस तिनं स्टीलचा छोटा डबा त्याच्यापुढे धरला. नाचणीची भाकरी, गूळ आणि केळं. झाकणावर अम्मीचं नाव कोरलेलं.

"हे काय?" त्यानं विचारलं होतं.

"भाकरी. आयुष्यात बघितली नाही वाटतं?"

"बघितलीय... पण अशी देणारी नव्हती बघितली."

झालं! त्या एका वाक्यावर अलमास दोन महिने दिवसाआड भाकरी थापत राहिली. तो डबा घ्यायचा, कठड्याला टेकून दहा मिनिटं गप्पा मारायचा आणि "घरी जाऊन खातो" म्हणून जायचा. दुसऱ्या दिवशी डबा लख्ख घासून परत, आत कधी दोन पेरू, कधी मूठभर बोरं. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, एवढं त्याच्या आईनं त्याला शिकवलं होतं. त्या दहा मिनिटांसाठी अलमासचा आख्खा दिवस जागा व्हायचा. अम्मी विचारायची, "अलीकडं नाचणी लवकर संपतीया, काय गं?" ही आपली चुलीकडे तोंड करून निखारे फुंकायची.

आणि मग ती सकाळ. पुलापलीकडे वाल्मीकतात्यांचा गोठा होता. अलमास तिथून चालली होती, हातात डबा होता, आणि तात्यांची तांबडी कालवड दावं ताणून तिच्या अंगावर आली. थेट डब्यावरच तोंड घातलं!

"घाबरू नगंस, पोरी," तात्या खदाखदा हसले. "मैनाला वळख हाय त्या डब्याची. त्यो पळणारा पोरगा सारखी भाकरी घालतो तिला. बघ की, कशी माजलीया!"

अलमासला वाटलं, भर रस्त्यात कुणीतरी आपल्या थोबाडीत मारली. दोन महिने... पहाटेची भाकरी... कालवडीला! पुलावर फराज आला तेव्हा तिनं त्याला तोंडही उघडू दिलं नाही. "माझी भाकरी म्हणजे जनावराचा चारा आहे ना तुझ्यासाठी? मग पुन्हा माझ्यापुढे येऊ नकोस!" डबा त्याच्या हातात आपटून ती निघून आली. आणि रागाच्या भरात तिनं एक गोष्ट बघितलीच नाही. तो त्या दिवशी लंगडत आला होता.

दोन दिवसांनी कळलं, त्याच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. पडला नाही, आपटला नाही. नुसता पळून पळून. डॉक्टर म्हणाले, लांब पळणं आता विसर. अलमास भेटायला गेली नाही, तो आला नाही. पुढं तो माणगावला शाळेत खेळाचा शिक्षक झाला आणि ती पुण्यात शिकायला गेली. विषय कोणता घेतला, ते सांगायला हवं का? पोटात अन्न नसताना हाड का चिरतं, तोच!

एक प्रश्न मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हता. खायचा नव्हता, तर डबा घेतलास कशाला? सात वर्षं तो प्रश्न तिनं तसाच जपून ठेवला होता.

*

"दहा सेहेचाळीस," सायली घड्याळ बघत म्हणाली. "अकराच्या आत हितनं फुडं गेलं न्हाई, तर मागनं येणाऱ्या गाडीत बसवत्यात. आटपा काय ते."

"सकाळी काय खाल्लंस?" अलमासनं फराजला दरडावून विचारलं.

"पळायच्या तीन तास आधी भाकरी, गूळ, दूध. निघताना केळं. वाटेत दर पाऊण तासाला खजूर."

"आणि संपल्यावर?"

"अर्ध्या तासाच्या आत दोन अंडी आणि भात. पास?"

अलमासनं हातातला बटाटा खाली ठेवला. "हे कुणी शिकवलं?"

"तूच. तुझे व्हिडिओ बघतो ना मोबाईलवर. माझ्या शाळेत खाल्ल्याशिवाय एकही पोर मैदानावर पाय ठेवत नाही. तू सांगतेस ना... हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे. पळताना ते थोडं झिजतं आणि खाल्ल्यावर, विसावा घेतल्यावर भरून येतं. पोट सतत रिकामं ठेवलं, की झीज तेवढी राहते आणि भर पडत नाही. ते वाक्य पोरांना पाठ आहे." त्यानं नडगीवरून हात फिरवला. "मला तर फारच पाठ आहे."

अलमासच्या डोळ्यांत पाणी आलं. पावसाचं नव्हतं, उगाच कशाला खोटं सांगा! तिनं विचारलंच शेवटी. "मग तेव्हा... खायचा नव्हता, तर डबा घ्यायचास का?"

फराजनं बाहीनं तोंड पुसलं. "घेतला नसता, तर दुसऱ्या दिवशी तू थांबली असतीस?"

भुरभुर पाऊस पडत होता. ढाब्यातला स्टोव्ह फरफरत होता.

"सरांना घाबरायचो मी," तो म्हणाला. "खायची हिंमत नव्हती, आणि नको म्हणायची तर त्याहून नव्हती. तुझी ती दहा मिनिटं मला गमवायची नव्हती, अलमास. मैनाला भाकरी घालताना दर वेळी चोरासारखं वाटायचं... वास इतका छान यायचा!"

"वेडा आहेस तू," अलमास म्हणाली. मग हळूच, "आणि मीही. त्या दिवशी तुझ्या पायाकडे बघायला हवं होतं मी. लंगडत आला होतास. मी नुसती ओरडत राहिले."

"ओरडलीस, म्हणून तर खायला लागलो."

त्यानं पाठीवरची पिशवी उघडली आणि आतून निघाला तो डबा. तोच! झाकणावर अम्मीचं नाव. घरी अम्मी अजून दर ईदला विचारायची, माझा छोटा डबा कुठं गेला गं?

"तीस किलोमीटर हा घेऊन पळालास?"

"शर्यतीत नाव नोंदवताना सायली भेटली होती, तिनंच सांगितलं, तू या टेबलाशी असशील." सायली एकाएकी आभाळ न्याहाळायला लागली. "सात वर्षं परत देता आला नाही. रिकामा कसा देणार? आणि त्यात भरावं असं माझ्याकडे काही नव्हतं. माफी भरून दिली असती, तर तीही कालवडीला घातली असतीस."

अलमासनं झाकण काढलं. आत चार लाडू, नाचणीचे. एक चपटा, एक चिरलेला, दोन कसेबसे गोल.

"मी केलेत. हसू नकोस."

तिनं चपटा लाडू उचलून तोंडात टाकला. गूळ जास्त, तूप कमी, आणि दात हलतील इतका कडक. तिनं तो पूर्ण खाल्ला, त्याच्याकडे बघत, शेवटच्या कणापर्यंत.

"कसा आहे?"

"वाईट," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. "पण मी कुणाच्या गाईला घालणार नाही."

"अकराला चार कमी!" सायली कळवळून ओरडली. "आरं पळ की रं बाबा!"

फराज हलेना. "पदक नाही मिळालं तरी चालेल मला. तू सांग... आपलं काय?"

अलमासनं उरलेले लाडू ओढणीत बांधले. डबा मीठ लावलेल्या बटाट्यांनी काठोकाठ भरला, झाकण दाबलं आणि त्याच्या हातात दिला.

"डॉक्टर म्हणाले होते ना, लांब पळणं विसर? मग हे बारा किलोमीटर पूर्ण कर. आणि या आठवड्यात मी पौडला अम्मीकडेच आहे, डबा उद्या परत आण. साडेसहाला, पुलावर. रिकामा नको."

"आणि परवा?"

"परवा मी भरून देईन."

"आनि तेरवा?" सायलीला राहवलं नाही.

"तेरवा हा अब्बांना भेटायला येईल," अलमास म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाली.

फराज पळाला. डावा खांदा तसाच किंचित वर, पाऊल मात्र भक्कम. वळणाशी पोचल्यावर तो थांबला, मागं वळला, डब्यातला एक बटाटा काढून तिला दिसेल असा उंच धरला आणि आख्खाच्या आख्खा तोंडात कोंबला. गाल फुगवून हात हलवला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

"खाल्ला गं, खाल्ला," सायली म्हणाली.

"बघितलं मी," अलमास म्हणाली, आणि पुढच्या पळणाऱ्यासाठी बटाट्याला मीठ लावू लागली.