खांद्यावरच्या चुण्या

"बाह्या आहेत का उशांचे अभ्रे!" पडद्यापलीकडे धाकटी जाऊ स्वतःशीच करवादली आणि अलीकडे काजं करत बसलेल्या थोरलीची सुई जागीच थबकली.

दुकानामागच्या त्या खोलीत महिनाभर नुसती धांदल होती! जुन्या काळच्या पोशाखांवरून आजच्या मुलींसाठी बारा कपडे... कमरेला नाडीनं बांधायचे सुटे खिसे, कापडी गुंड्यांची लांबच लांब ओळ, आणि खांद्याशी चुण्या घेऊन फुललेली ती बाही! तिच्यासाठी धाकटीनं संग्रहालयातल्या काचेसमोर तासन्‌तास उभं राहून चित्रं काढली होती. प्रदर्शन चार दिवसांवर आलेलं. अकरा कपडे तयार, आणि सगळ्यांत देखणा बारावा नेमका त्या बाहीपाशी अडून बसलेला!

थोरलीनं पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि तिच्या छातीत धडधडू लागलं... भीतीनं नव्हे, आनंदानं! अगं वेडे, मशीनवर कसल्या चुण्या घालतेस? चपट्या होऊन मरतात त्या! हातानं दोन धावदोरे घालायचे, टाक्याखाली नेमका टाका, मग दोन्ही दोरे एकदम ओढायचे आणि एकेक चुणी स्वतंत्र धरून खांद्याला टाचायची... हातभर कापड वितीत मावेल, वर ताठ उभं राहील! हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. धाकटीनं भिंतीवर लावलेलं ते चित्र पाहून तिच्या बोटांनाच ते उमगलं होतं.

पण सांगणार कोणत्या तोंडानं?

पाच वर्षांपूर्वी, धाकटीच्या पहिल्याच प्रदर्शनाच्या सकाळी, तिचा मुख्य झगा इस्त्रीखाली जळाला होता. इस्त्री तशीच ठेवून फोनवर बोलत बाहेर गेला होता तो दीर, धाकटीचा नवरा! लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले... नवा संसार पहिल्याच ठिणगीनं पेटायला नको, म्हणून थोरली पुढे होऊन म्हणाली, "माझ्याकडून झालं." घरातल्या सगळ्यांना खरं ठाऊक होतं, एकट्या धाकटीला सोडून. त्या दिवसापासून, "ताई, माझ्या कापडाला हात लावू नका," हे ऐकत थोरली पडद्याअलीकडे काजं करत राहिली होती.

दुपारी धाकटी दोरा आणायला गेली आणि थोरलीला राहवेना. जुन्या चादरीचा तुकडा ओढून तिनं तासाभरात बाहीचा नमुना केला, गुपचूप टेबलावर ठेवला आणि साळसूदपणे परत काजांना बसली.

"हे कुणी केलं?" धाकटी आल्याआल्या ओरडलीच! "अहो, कुणी केलं हे? हीच ती! हुबेहूब हीच!"

"बाबांनी केलं असेल," थोरली मान वर न करता म्हणाली.

"मी?" कोपऱ्यात पेपर चाळणारे सासरे दचकले. "अगं, मला हल्ली सुई दिसत नाही, तिचं भोक कुठलं दिसायला!"

धाकटीनं पडदा सर्रकन बाजूला केला. "ताई... तुम्ही?"

"तुझ्या कापडाला नाही हो हात लावला! चादर होती, फाटकी."

धाकटीनं पुढे होऊन तो निळा, झुळझुळीत बारावा कपडा थोरलीच्या मांडीवर ठेवला. "बसा इथे माझ्याशेजारी. दोन्ही बाह्या तुमच्या! आणि ते... त्या इस्त्रीचं... जाऊ दे, ताई. मी माफ केलं तुम्हाला."

थोरलीचे डोळे घळाघळा वाहू लागले. काय ते सुख! न केलेल्या अपराधाची का होईना, पण क्षमा... आणि तीही हातात सुई देऊन! आता आणखी काही नको होतं तिला, खरंच नको होतं. तिनं निळा दोरा ओवायला घेतला, तर भोकच दिसेना.

सासऱ्यांनी पेपर तोंडासमोर धरला. दारात मात्र गुंड्यांची पुडी घेऊन दीर कधीचा उभा होता, चेहरा पांढराफटक.

"काही बोलू नकोस हं," थोरलीनं ओल्या नजरेनंच त्याला दटावलं.

"नाही वहिनी, पुरे झालं!" तो बायकोकडे वळला. "माफ कुणाला करतेस? इस्त्री मी ठेवली होती... वहिनी तेव्हा खोलीतसुद्धा नव्हती!"