मंदाबाईची ओळ

गेल्या मे महिन्यातली अमावास्या, रात्रीचे साडेअकरा. पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका जुन्या चर्चच्या छपरावर चिंधा गावित एकटा बसला होता. मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात कौलं बसवत होता. हितेंद्र, हसू नकोस. चिंधा दारू पीत नाही, आणि माझ्याशी खोटं बोलून त्याला काही मिळणार नव्हतं.

त्या चर्चची एक रीत होती. छपरावर प्रत्येक घराची एक ओळ. पावसाळ्याआधी त्या त्या घरच्यांनी वर चढून आपलीच ओळ चाळायची, फुटकी कौलं बदलायची. दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा नाही, जसं दुसऱ्याच्या घरात शिरून आपण चूल पेटवत नाही. चार पिढ्या छप्पर असं टिकलं. मग पोरं सुरतेला गेली. मंदाबाई वारली, तिचे मुलगे मातीलाही पोचले नाहीत. तिची ओळ उघडी पडली, नेमकी वेदीवर.

रस्ता रुंद करायचा होता, म्हणून सरकारला चर्च धोकादायक दिसू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब छप्पर बघायला येणार होते. गळकं दिसलं की पाडायचं.

संध्याकाळी मंडळी जमली. मंदाबाईच्या पोरांचे फोन बंद. चिंधा म्हणाला, "मी करस."

सुगंधाबाई पदर सावरत म्हणाली, "तुना घरनी वळ तरी सरळ शे का? मरेल बाईनी वळ शे ती. नको हात लावू."

कोणी पुढे आलं नाही. खालून कौलं द्यायला त्याचा भाचा कौतिक तयार झाला. कौलांखाली घालायच्या बांबूच्या कामट्या आणायला तो पिंपळनेरला गेला आणि रात्र झाली तरी परतला नाही. चिंधा वाट बघून कंटाळला. टोपलीभर जुनी कौलं घेऊन एकटाच चढला.

टोपली रिकामी झाली. अर्धी ओळ अजून उघडीच.

तेवढ्यात शिडी करकरली.

"उना का रे, कौतिक? दे वर."

वळचणीच्या कडेवर एक हात आला. हातात कौल. चिंधानं घेतलं, बसवलं. पुन्हा हात. पुन्हा कौल. काम झपाझप चाललं. चिंधा खुशीत आला. "बोल ना भो, मामावर रुसना का?"

पुढचं कौल वर आलं.

खिशातला फोन वाजला.

"मामा, मी आठेच शे, पिंपळनेरले. गाडी पंचर. सकायच येस आते..."

चिंधानं फोन ठेवला.

वारा नव्हता. कुत्रंही भुंकत नव्हतं.

हात तिथेच होता. कौल पुढे धरलेलं...

वाट बघत.

ऋतिका, तू पळाली असतीस. मीही. चिंधा पळाला नाही. ओळीत एकाच कौलाची जागा उरली होती.

त्यानं हात पुढे केला.

घेतलं.

बसवलं.

वळून पाहिलं तेव्हा शिडी रिकामी होती...

उजाडेपर्यंत तो वरच बसून राहिला. खाली उतरायची छाती झाली नाही.

सकाळी साहेब आले. त्यांच्या मागोमाग पाडायचं मशीन. बघायला येणारा माणूस मशीन घेऊन येतो का? पाळक हात जोडून म्हणाले, "साहेब, एकदा वर तरी बघा. बठ्ठं छप्पर धड शे." साहेबांनी मान वर केली नाही. गाडीतूनच हात हलवला. दुपारपर्यंत सगळं जमिनीवर. सुगंधाबाई रस्त्यात बसून राहिली, तिला दोघी पोलीस बायांनी उचलून बाजूला केलं. बातमी छापून आली, चार ओळींची, आतल्या पानावर. रस्ता आजही रुंद झालेला नाही. तिथं नुसती धूळ आहे.

त्या संध्याकाळी मी तो ढिगारा पाहिला. शेवाळानं काळी पडलेली कौलं, सगळी चुरा. त्यात अर्ध्या ओळीपुरती तेवढी अखंड होती. लालभडक, नुकती भाजल्यासारखी. पिंपळनेरच्या आसपास कौलांची शेवटची भट्टी विझली, तेव्हा चिंधाचा जन्मही झालेला नव्हता.