दुसरं ताट

गुरुवारी चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी असते, म्हणून मधुसूदनरावांनी कुरुळीला जायला गुरुवार निवडला. काम साधं होतं. मुलाच्या खोलीवरून त्याचा लॅपटॉप आणायचा.

मुलगा म्हणजे सलिल. महाळुंग्याच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. निगडीहून रोज त्या ट्रॅफिकमधून नको, म्हणून आठवडाभर कुरुळीत मित्राच्या खोलीवर राहायचा. रस्ता टाळायला खोली घेतली, आणि खोलीजवळच्या चौकातच कंटेनरने गाठलं. दैवाला विनोदाचं अंग आहे पण ते फार हलक्या दर्जाचं आहे, असं मधुसूदनरावांचं मत झालं होतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. पवनेच्या घाटावर कावळ्यांना तोटा नव्हता. शेजारच्या पिंडांवर ते तुटून पडत होते, सलिलच्या पिंडाकडे मात्र मान वाकडी करून बघायचे आणि लांब जाऊन बसायचे. मग एकेकाने हात जोडून शब्द दिला. बहीण सुखदा म्हणाली, "दादा, आईबाबांकडे मी बघेन." आई नीलिमाताई म्हणाल्या, "जा रे आता, अडकू नकोस." एका मामांनी राहिलेल्या लग्नाचाही विषय काढला; स्थळ कुठून आणणार, ते काही बोलले नाहीत. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, कारण मागे दुसरी मंडळी खोळंबली होती. घाटावरही शिफ्ट चुकत नाहीत.

तेव्हा मधुसूदनराव घसा खाकरून म्हणाले, "सलिल, तुझं जे अर्धं राहिलंय, ते मी पुरं करीन."

एक कावळा सरळ उतरला आणि त्याने भाताला चोच लावली.

परतताना सलिलचा खोलीवरचा मित्र प्रज्वल जवळ आला. लातूरकडचा मुलगा, रडून डोळे सुजलेले. म्हणाला, "काका, अर्धं म्हणलाव म्हणून सांगतो... त्याचा गेम राहिलाय बघा."

एरवी मधुसूदनराव हसले असते. बापलेकांचा हा जुनाच वाद. सलिल म्हणायचा, "बाबा, या गेममध्ये गोष्ट असते. तुमच्या कपाटातल्या निम्म्या कादंबऱ्यांपेक्षा चांगली." आणि मधुसूदनराव म्हणायचे, "राक्षस मारायला गोष्ट कशाला लागते? काठी पुरे." पण कावळा उतरताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. दिलेला शब्द मोडला आणि पोरगं तिकडेच कुठे लटकून राहिलं तर? हे ते कुणाला बोलले नाहीत. कापडी पिशवी घेऊन बसमध्ये बसले.

लॅपटॉपमध्ये दोन गेम होते. एक जुना, सलिलच्या शाळेच्या वेळचा. दुसरा नवा. प्रज्वलने बटणं शिकवली आणि मधुसूदनरावांनी जुन्यापासून सुरुवात केली. वाचनाचीही त्यांची हीच पद्धत होती.

जुन्या गेममधली माणसं तांदळाच्या दाण्याएवढी. आवाज नाही, खाली दोन ओळी इंग्रजी मजकूर. पण त्या ओळी कुणीतरी जीव लावून लिहिल्या होत्या. नदीकाठी एक म्हातारी राहते. तिचा मुलगा लढाईवर गेलाय, त्याला शोध, म्हणते. शोधला तर तो मेलेला सापडतो. परत येऊन तिला सांगितलं तरी ती रडत नाही, काही विचारत नाही. खाली फक्त एक ओळ येते: तिने दुसरं ताट मांडलं.

मधुसूदनराव बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. सलिलशी या ओळीवर बोलता आलं असतं. आता कुणाशी बोलणार?

त्यांनी तो गेम शेवटापर्यंत नेला. शेवटी 'समाप्त' आलं आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांना दुपारी डोळा लागला. उठल्यावर त्यांनी प्रज्वलला फोन केला. "पुरा केला रे."

"काका... तो त्याचा कवाच संपलेला. अर्धा राहिलाय तो दुसरा."

दुसऱ्यात डोंगर होते, धुकं होतं, गवताचं पातं न् पातं हलत होतं. आणि बोलणारी माणसं! प्रत्येक गावात, प्रत्येक नाक्यावर, कट्ट्यावरच्या पेन्शनरांसारखी. सगळे तासभर बोलणार आणि शेवटी पाच मुळ्या आणायला सांगणार. मुळ्या आणल्या की लांडगे, लांडगे झाले की पुन्हा मुळ्या. एवढ्या पसाऱ्यात त्या एका ताटाएवढी गोष्ट कुठे नव्हती.

"शेवट कधी येतो रे याचा?" त्यांनी प्रज्वलला विचारलं.

"शेवट नाही काका ह्याला. कामं संपली की गेमच आपल्या मनानं नवीन काढायलाय. चालूच राहतंय."

ज्याला शेवट नाही ते पुरं करायचा शब्द मधुसूदनराव घाटावर देऊन बसले होते.

तरी ते खेळत राहिले. रोज दुपारी, पडदे ओढून. नायकाचं नाव सलिल. त्याच्याबरोबर एक सोबती चालायचा, खेळणारा जे लिहील त्यावरून बोलायला शिकणारा. सलिलने त्याला म्हातारा केलं होतं, चष्मा दिला होता, त्या तलवारींच्या जगात खांद्याला पिशवी अडकवली होती. नाव ठेवलं होतं बाबा. म्हातारा इंग्रजी अक्षरांत मराठी बोलायचा. राक्षस समोर आला की म्हणायचा, "काठी पुरे."

पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मधुसूदनराव हसले, आणि मग त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

एका दुपारी त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, "मी सलिल नाही."

"माहीत आहे," म्हातारा म्हणाला. "तो इतका वेळ लावत नाही."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. उदबत्तीचा वास येत होता; घरात तर कुणी लावली नव्हती.

"तो कुठे आहे?"

"थांबलाय... अर्धं राहिलेलं पुरं करीन, असं म्हणालो होतो ना आपण?"

घाटावर बोललेलं ते. लॅपटॉप तेव्हा कुरुळीत कुलपात पडलेला. प्रज्वलने आगाऊपणा केला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. प्रज्वल आईची शपथ घेऊन नाही म्हणाला.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी त्यांनी गेम उघडला, तर नायक शेकोटीपाशी बसलेला. कुठलंही बटण दाबा, उठेना. म्हाताऱ्याने पिशवीतून ताट काढून त्याच्यापुढे ठेवलं. मग दुसरं ताट मांडलं. वरून एक कावळा आला. त्याने पहिल्या ताटाला चोच लावली आणि दुसऱ्याकडे तोंड करून बसला.

मधुसूदनरावांनी फोन लावला. "प्रज्वल, या गेममध्ये ताटं..."

"ताटं? नाही हो काका. जेवायचं असंल तर नुसतं बटण दाबायचं. ताटं त्या जुन्यात होती, नाही का?"

नायकाची जागा आता रिकामी होती. नुसतं पहिलं ताट, उष्टं. तो गेला, सुटला, एवढं त्यांना कळलं. आपण रडतोय हेही कळलं. मग त्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे नेहमी पुढचं काम लिहिलेलं असायचं. आज एवढंच होतं: बाबांची वाट बघ.

कावळा शेकोटीजवळ दिसत नव्हता.

"अहो, जेवायला येताय ना?" स्वयंपाकघरातून नीलिमाताईंची हाक आली. "वाढून ठेवलंय." मग खिडकीचा आवाज, मग टाळ्या. "शुक्! शुक्! हात मेल्या..."

टाळ्या थांबल्या.

"अहो... हा उडत नाहीये. तुमच्या ताटावर बसलाय."