उन्हात वाढलेलं करडू

“बाजूला व्हा की! लस शेळ्यांना टोचायचीय, तुमाला न्हाई.”

उमापुरात नव्यानं आलेला जनावरांचा डॉक्टर… योगीराज. हसला तशी गालाला खळी पडली आणि मला उगाच राग आला. कडेवरचं करडू सावरत मी गोठ्याच्या दारातच उभी राहिले.

“डागदर, त्या उज्ज्वलाला शिवू देऊ नका!” चतुराबाई, माझी काकू, धावत आली. “नवऱ्याशी काडीमोड घेऊन आलीया. तिच्या पायगुणानं करडं फेंगडी झाली!”

काकूनं सगळी करडं जन्मल्यापासूनच अंधाऱ्या खोलीत कोंडली होती. माझी नजर पडायला नको ना! हे एकच आईविना उरलेलं, ते माझ्या गळ्यात मारलेलं.

योगीराजनं खोलीतली करडं तपासली. गुडघे सुजलेले, बरगड्यांवर गाठी. मग त्यानं माझं करडू खाली सोडलं. ते सरळ पायांनी उड्या मारत पळालं.

“हे कुठं असतं?”

“माझ्यासंगं. दिवसभर उन्हात.”

तो एक लंगडं करडू एक्स-रे काढायला गेवराईला घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी परतला तो थेट काकूपुढं.

“मुडदूस हाय, काकू. ऊन न्हाई, म्हणून हाडं कच्ची राहिली. पायगुण न्हाई, तुमची बंद खोली नडली.”

मला रडू आलं. पण काकूसमोर? छे!

करडं उन्हात आली, औषध सुरू झालं. दर आठवड्याला तो पाय बघायला यायचा… करडांचे, आणि डोळे माझ्याकडं.

“तुमच्या कपाळावरच्या आठ्यांना औषध काय?”

“तुमी कमी बोलायचं!”

महिन्याभरात, कायमचं लंगडं राहिलेलं एक सोडून, सगळी नीट चालायला लागली. त्या दिवशी त्यानं बॅग आवरली. आता यायचं कारण संपलं होतं. मी त्याच्याकडं धावले.

“घरात हो!” काकू ओरडली. “लोक काय म्हणतील?”

“म्हणू दे!” मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. “डॉक्टर, तुमी मला आवडता. लग्न कराल?”

तो गोंधळला. “आई… न्हाई म्हणंल…”

“मी तुमच्या आईला इचारलं न्हाई. तुमाला इचारलंय.”

त्यानं बॅग खाली ठेवली, काकूकडं वळला आणि शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असा ओरडला, “व्हय! करणार!”