पडवीतल्या पाच पट्ट्या

"मला तुमच्या पाहुण्यांचे पाय पाहिजेत," तो म्हणाला.

आता सांगा, दारात उभा राहून कोणी परका माणूस असं काही बोलला तर काय करावं? दुर्गाच्या एका हातात पाण्याची नळी होती आणि दुसऱ्या हातात कुणाच्या तरी चपला. काशीदच्या किनाऱ्यावरून परतलेल्या सात-आठ पाहुण्यांवर ती नुकतीच ओरडली होती, पाय धुतल्याशिवाय पडवीत यायचं नाही म्हणून. निम्मे तरीही हसत हसत आत शिरले होते आणि पडवीभर वाळू झाली होती.

"पायांचं काय करणार?" तिनं नळी बंद न करताच विचारलं.

"लादीवर चालवणार," तो म्हणाला, आणि मग स्वतःच हसला. "थांबा, नीट सांगतो. तुम्ही मला भिजवायच्या आधी."

तो निकेत. पेणकडचा आगरी, घरात ट्रक-ट्रेलरचा धंदा. त्याच्या बाबांनी वीस वर्षं कारखान्याचे कामगार ज्या बसमधून नेले-आणले, ती बस भंगारात न देता तो तिचं घर करत होता. आत झोपायला चार बाकं, छोटा ओटा, मोरी. पुण्याची एक सहल कंपनी दिवाळीपासून हिवाळाभर ती किनाऱ्यावर फिरवायला घेणार होती. कंपनीची माणसं वसुबारसेला गाडी बघायला येणार. हा हंगाम मिळाला तर गाडी राहील, नाही तर ती विकून बंदरावर ट्रेलर चालवायला यायचं, असा शब्द बाबांनी त्याच्याकडून घेतला होता. सगळं झालं होतं. अडलं होतं ते खालच्या लादीपाशी.

"टाइल्स लावल्या तर पहिल्याच खड्ड्यात तडकतील. वजन पण जास्त. आणि लोक समुद्रावरून ओल्या पायांनी वाळू घेऊन चढणार. दुकानवाला म्हणतो सगळंच टिकतं. मी रस्त्यानं चाललो होतो, तुमची ही आरडाओरड ऐकली... म्हटलं, परीक्षा घ्यायची तर हितं."

दादांनी, म्हणजे दुर्गाच्या वडिलांनी, पेपरातून डोकं न काढता होकार दिला. दुसऱ्या दिवशी निकेतनं पडवीच्या दारात, जिथून सगळ्यांचे पाय जातात तिथेच, प्लायवर चिकटवलेल्या पाच पट्ट्या ओळीनं बसवल्या. लॅमिनेट, बांबू, वॉर्निश मारलेलं लाकूड, बसमध्ये असतं तसं गोट्यांचं रबर आणि जाड व्हिनाईल. शनिवार-रविवार पाहुण्यांनी त्या तुडवायच्या आणि दर सोमवारी त्यानं येऊन बघायच्या.

"आणि तुम्ही लक्ष ठेवायचं," तो तिला म्हणाला. "माझा तुमच्यावर भरवसा हाय."

"ओळख कालची, आणि भरवसा?"

"जी बाई गिऱ्हाइकाला पाय धुवायला लावते ती खोटं नाय बोलणार."

दुर्गा सत्तावीस वर्षांची होती. बँकेतली नोकरी सोडून नारळ-सुपारीची वाडी आणि पाहुण्यांच्या चार खोल्या सांभाळत होती. तिला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्या रात्रीच्या जेवणात मीठ दोनदा पडलं.

पहिल्या सोमवारी लॅमिनेट कडेनं फुगलं होतं. "हे बाद," निकेत म्हणाला आणि चहाला बसला. दुसऱ्या सोमवारी बांबू काळा पडला. त्या दिवशी चहाबरोबर आंबोळ्या होत्या, आणि त्या मुद्दाम केल्या नव्हत्या, असं दुर्गानं दोनदा सांगितलं. तिसऱ्या सोमवारी वॉर्निशवर वाळूचे ओरखडे निघाले, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवेना.

"गाडीत खिडकीशी तुझ्यासाठी एक बाक ठेवलंय," तो सहज म्हणाला.

"मी कशाला येऊ तुझ्या गाडीत?"

"लोकांना पाय धुवायला लावायला... दुसरं कशाला?"

ती हसली आणि आत निघून गेली. उगाच. आत काही काम नव्हतं.

चौथ्या सोमवारी रबर गेलं. त्याच्या गोट्यांमध्ये वाळू अशी बसायची की घरकामाला येणाऱ्या चंद्राबाईंनी झाडू टाकून दिला. उरलं व्हिनाईल. ना फुगलं, ना काळवंडलं, ना ओरखडा. निकेत वाकून अंगठ्यानं त्याच्या कडा दाबत राहिला.

"वसुबारस दोन आठवड्यांवर आली," तो म्हणाला. "अजून एक सोमवार. ही टिकली म्हणजे झालं."

"म्हणजे मग तू यायचा नाहीस," हे दुर्गाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या घरात मनातलं सरळ बोलायची पद्धतच नव्हती. स्वतःला चहा हवा असला तरी 'तुम्ही घेणार असाल तर टाकते' म्हणायचं. तिच्या आईनं उभ्या जन्मात दादांना 'थांबा' म्हटलं नाही, 'बाहेर ऊन आहे' म्हणायची. दुर्गा त्याच आईची मुलगी.

"छान टिकली आहे," ती म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला, आणि उगाच जरा वेळ थांबून गेला.

रविवारी दुपारी पाहुणे गेल्यावर दुर्गा सुरी घेऊन पडवीत आली. व्हिनाईलच्या कोपऱ्याखाली तिनं सुरीचं टोक घातलं. गोंद चिवट होता, सहजासहजी सुटेना. तिनं जोर लावला, कोपरा वर आला, आणि त्याखाली तिनं तांब्याभर पाणी ओतलं. तिच्या मनात एवढंच होतं की अजून एक-दोन सोमवार मिळावेत. नव्या पट्ट्या येतील, पुन्हा परीक्षा होईल, तो येत राहील.

"ताई, त्या पट्टीनं तुमचं काय घोडं मारलंय?" मागून चंद्राबाई म्हणाल्या.

दुर्गाचे कान तापले. "सुटली होती. बघत होते."

"माझ्या समोर सुटली का?" चंद्राबाईंनी पदर खोचला. "पोरगा बरा हाय. येत जा म्हना की त्याला. ताकाला जायाचं नि भांडं लपवायचं, कशापायी?"

दुर्गानं सुरी धुऊन ठेवली.

सोमवारी निकेत वाकला तो बराच वेळ उठलाच नाही. कोपऱ्याखालचा प्लाय भिजून फुगला होता. तो हळूच म्हणाला, "गोंद सुटला. कुणी उचकटलं नाय ना, दुर्गा?"

तेव्हा बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

"कोण उचकटेल? पाण्यानं सुटली," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

"तू म्हणतेस म्हणजे तसंच," तो म्हणाला. त्यानं चहा घेतला नाही.

पुढच्या सोमवारी तो आला नाही. नव्या पट्ट्या आणायला गेला असेल, असं दुर्गानं स्वतःला समजावलं. त्याच्या पुढच्याही सोमवारी नाही. फोन केला तर 'कामात आहे' एवढंच. दिवाळीत खोल्या भरल्या, पडवीत वाळूच वाळू झाली, आणि दुर्गा पाय धुवा म्हणायचं विसरू लागली.

भाऊबीज होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी फाटकाशी भलामोठा हॉर्न वाजला. पांढऱ्या-निळ्या रंगाची बस उभी होती आणि निकेत दारात उभा होता, दाढी वाढलेली.

"चढ," तो म्हणाला. "एकदा बघून घे. दुपारी रत्नागिरीच्या माणसाच्या ताब्यात द्यायची हाय."

दुर्गा चढली. खिडकीशी खरंच बाक होतं, त्यावर पिवळी गादी. ओटा, मोरी, पडदे... सगळं होतं. फक्त खाली लादी नव्हती. उघडा प्लाय, त्याचे सोललेले पापुद्रे आणि वाळलेल्या गोंदाचे पट्टेच्या पट्टे.

"हे काय?" तिनं विचारलं.

"व्हिनाईल होतं. तेच टिकणार हे दिसत होतं, मी दुसऱ्याच आठवड्यात बसवून मोकळा झालो होतो." तो स्टिअरिंगकडे बघत बोलत होता. "पुढचे सोमवार नुसताच यायचो. पट्ट्या बघायचं आपलं निमित्त."

दुर्गानं पिवळ्या गादीची कड चिमटीत धरली.

"मग तू म्हणालीस, पाण्यानं सुटली. त्याच संध्याकाळी गाडीतली लादी उपटायला घेतली. चार दिवस लागले, खालचा प्लाय पण सोलून निघाला. नवीन माल यायला पंधरा दिवस. वसुबारसेला कंपनीची माणसं आली, असं बघून परत गेली. बाबांना शब्द दिलेला हाय."

"खाली ओल होती?" दुर्गानं विचारलं.

"नाय. कोरडाठाक. पण म्हटलं, आज कोरडा, उद्या कुजला आणि कुणाचा पाय आत गेला तर? तू बघितलं होतंस ना." आता तो तिच्याकडे वळला. "गाडी गेली, जाऊ दे. मी त्याच्यासाठी नाय आलो. मी घरी पण सांगितलंय, बाबा तयार हायेत. माझं नुकसान होईल माहीत असून जे खरं ते तोंडावर सांगणारं माणूस... दुर्गा, मला असंच माणूस पाहिजे. तू पाहिजेस."

हेच ऐकायला ती पाच सोमवार झुरली होती. गप्प राहिली असती तर सगळं तिचं होतं, चंद्राबाईही बोलल्या नसत्या. तिनं तोंड उघडलं ते 'हो' म्हणायलाच. पण खाली गोंदाचे ते पट्टे दिसत होते.

"मी उचकटली," ती म्हणाली. "सुरीनं. पाणीपण मीच ओतलं. तुझं काम संपलं असतं, तू यायचा थांबला असतास... म्हणून. मला तू आवडतोस, निकेत. तेव्हा हे म्हणता आलं नाही."

बाहेर चंद्राबाई अंगण झाडत होत्या, तेवढाच आवाज. निकेत ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला आणि गोंदाच्या एका पट्ट्यावर नख घासत राहिला.

"नुसतं 'ये' म्हणाली असतीस," तो शेवटी म्हणाला, "तर रोज आलो असतो."

"मला माहीत नव्हतं..."

"मी पण कुठं सांगितलं?" तो कसनुसा हसला. "दोघं सारखेच."

"मग अजून काय बिघडलंय?" दुर्गानं विचारलं. जन्मात पहिल्यांदा ती एखादी गोष्ट इतकी उघडपणे मागत होती. "गाडी जाऊ दे. मी ट्रेलरवाल्याशी लग्न करीन."

त्यानं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात प्रेम होतं, ते काही गेलं नव्हतं. म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

"लादीचा राग नाय मला," तो म्हणाला. "पण मी विचारलं होतं तुला. दोनदा. तू 'नक्की' म्हणालीस, माझ्या डोळ्यात बघून. आता तू मला जेवलास का विचारलंस तरी मी मनात म्हणेन, हिला नक्की काय म्हणायचंय? असा संसार नाय होत, दुर्गा."

ती खाली उतरली. त्यानं गाडी सुरू केली, पण लगेच हलवली नाही. दुर्गा खिडकीखाली आली, दादा ओटीवरून बघतायत हे माहीत असूनही.

"निकेत, येत जा," ती मोठ्यानं म्हणाली. "काही काम नसलं तरी येत जा. मला तू यायला हवा आहेस."

किती सोपं होतं. शब्द जिभेवर आले, बाहेर पडले, काही आभाळ कोसळलं नाही.

निकेतनं क्षणभर डोळे मिटले. मग गिअर टाकला.

"बघू," तो म्हणाला.

आमच्या किनाऱ्यावर 'बघू'चा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. बस मुरुडच्या रस्त्याला लागली, आणि दुर्गा फाटक लावून आत आली.